कायद्याचे कवच कोणाच्या अंगावर?

दि. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रम संहिता लागू केल्या आणि स्वातंत्र्योत्तर श्रमनीतीतील एक दीर्घ पर्व संपले. वेतन संहिता २०१९ मध्ये संसदेने संमत केली होती. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती या तीन संहिता २०२० मध्ये संमत झाल्या होत्या. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हेतूंनी केलेले २९ केंद्रीय कायदे या चार संहितांत विलीन झाले. त्यावर प्रतिक्रिया उमटल्या त्या अपेक्षितच होत्या. डाव्या आणि काँग्रेसप्रणीत कामगार संघटनांनी कामगारांचे सर्व हक्क हिरावले गेल्याची हाकाटी पिटली. उलट, बाजारपेठ हाच परमेश्वर मानणाऱ्या अर्थपंडितांना कामगार कपातीची परवानगी सैल झाली एवढ्यावरच परमानंद झाला. जणू कारखानदाराच्या हाती कपातीची कात्री दिली की रोजगाराचे पीक आपोआप तरारून येते!

या गदारोळात एक मूलभूत प्रश्न विचारायचा राहून गेला आहे. गेली अनेक दशके आपल्या श्रमकायद्यांनी जे संरक्षक कवच घडविले, ते नेमके कोणाच्या अंगावर होते? श्रमिकाच्या, की तो ज्या पदावर बसला त्या पदाच्या? आपल्या कायद्याने प्रामुख्याने पद सुरक्षित केले. मोठ्या कारखान्यातील कायम कामगाराचे पद. ज्याला ते पद मिळाले त्याला भविष्य निर्वाह निधी, उपदान, वैद्यकीय सेवा असे सारे काही मिळाले. ज्याला ते मिळाले नाही त्याच्यापर्यंत यातले जवळजवळ काहीच पोहोचले नाही. आणि ज्याचे पद गेले, त्याचे सर्वस्व गेले. श्रमसुधारणांची चर्चा या मुद्द्यापासून सुरू झाली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आणीबाणीचा वारसा

ज्या तरतुदीभोवती आजचा वाद फिरतो, तिचा इतिहास उद्बोधक आहे. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात ‘पाच-ब’ हे प्रकरण घातले गेले १९७६ मध्ये, म्हणजे ऐन आणीबाणीत. तीनशे वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला कामगार कपात करण्यापूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची अनुमती घ्यावी लागेल, असे या प्रकरणाने ठरविले. पुढे १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभरावर आणली. आता औद्योगिक संबंध संहितेने ती पुन्हा तीनशेवर नेली आहे.

ज्या सरकारने १९७६ मध्ये हे ‘कामगारहिताचे’ पाऊल उचलले, त्याच सरकारने १९७५ मध्ये वटहुकूम काढून कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला होता. कामगार नेते तुरुंगात होते, संप करण्याची सोय उरली नव्हती. ८.३३ टक्के बोनस पूर्ववत झाला तो १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आल्यानंतर. तेव्हा श्रममंत्री होते रवींद्र वर्मा. पुढे अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने १९९९ मध्ये दुसरा राष्ट्रीय श्रम आयोग नेमला, त्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. विखुरलेले श्रमकायदे मोजक्या गटांत एकत्र करावेत, ही शिफारस या आयोगाच्या २००२ च्या अहवालातील. तत्पूर्वी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या आयोगाने १९६९ मध्ये आपला अहवाल दिला होता. तेव्हा संहितांची कल्पना अचानक आकाशातून पडलेली नाही. दोन दशकांहून अधिक काळ ती शासनाच्या दप्तरात पडून होती.

सांगायचा मुद्दा असा की, कपातीपूर्वी सरकारची अनुमती हा कामगारहिताचा अंतिम निकष आहे, हे गृहीतकच तपासून पाहिले पाहिजे. आणि ते तपासण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. मुंबईचे गिरणगाव पुरेसे आहे.

गिरणगावाने काय शिकविले?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाची राजकीय चिकित्सा पुष्कळ झाली आहे. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाची, गिरणीमालकांच्या आडमुठेपणाची आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ अन्वये एकाच मान्यताप्राप्त संघटनेला मिळालेल्या मक्तेदारीची चर्चा आजही होते. जी संघटना कामगारांनी नाकारली होती, तीच कायद्याच्या लेखी त्यांची एकमेव प्रतिनिधी होती. हा संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विझत गेला.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते संपानंतर जे घडले ते. पुढील दोन दशकांत एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. या सर्व काळात अनुमतीची तरतूद कायद्याच्या पुस्तकात जशीच्या तशी होती. शंभराहून अधिक कामगार असलेला कारखाना सरकारच्या अनुमतीविना बंद करता येत नव्हता. मग गिरण्या बंद कशा पडल्या? उत्तर सोपे आहे. मालकाने दरवाजाला कुलूप लावण्याची अनुमती मागण्याचे कारणच नव्हते. यंत्रे जुनी होऊ द्यावीत, नवी गुंतवणूक करू नये, विजेची देयके थकवावीत, पगार रखडवावेत, उद्योग ‘आजारी’ म्हणून घोषित करून घ्यावा आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. कागदावर गिरणी चालू, प्रत्यक्षात भोंगा बंद. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासाला वाट करून दिली. २००१ मध्ये त्या नियमांत बदल झाले. सूत कातण्यापेक्षा जमीन विकणे कितीतरी पटीने किफायतशीर ठरले.

कायद्याने कामगाराचे पद वाचविण्याचा आव आणला. पद वाचले नाही आणि पदाबरोबर कामगारही वाचला नाही. नवे कौशल्य शिकण्यासाठी त्याच्या हाती काही पडले नाही. दुसरी नोकरी मिळेपर्यंत घर चालावे यासाठी कोणतीही व्यवस्था नव्हती. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रातील गावांत परतलेल्या, किंवा मुंबईतच रखवालदारी, हमाली, भाजीविक्री करीत उरलेले आयुष्य काढलेल्या या पिढीच्या घरांचा प्रश्नदेखील आजवर पूर्णपणे सुटलेला नाही. ज्या डाव्या मंडळींना ‘पाच-ब’ प्रकरण म्हणजे श्रमिकांचा किल्ला वाटतो, त्यांनी या किल्ल्याने गिरणगावाचे रक्षण का केले नाही, याचे उत्तर कधी दिलेले नाही.

मर्यादेखालचे जग

हे झाले कायद्याच्या कक्षेत असलेल्यांचे. कक्षेबाहेरच्यांचे काय? देशातील सुमारे नव्वद टक्के श्रमिक असंघटित आहेत. आपले कायदे कामगारांची संख्या पाहून लागू होत. कारखाना कायदा विजेवर चालणाऱ्या आस्थापनेत दहा कामगारांपासून, भविष्य निर्वाह निधी वीसपासून, स्थायी आदेश आणि कपातीची अनुमती शंभरापासून. प्रत्येक पायरीवर नवी नोंदवही, नवा निरीक्षक आणि बहुतेक ठिकाणी नवा हप्ता. याचा परिणाम काय झाला? उद्योजक वाढण्याऐवजी विभागू लागला.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग व्यवसायाकडे पाहावे. एकाच कुटुंबाचे माग वेगवेगळ्या नावांवर दाखवून प्रत्येक युनिट मर्यादेखाली ठेवण्याची रीत या धंद्यात जुनी आहे. मागवाला, कांडीवाला, जॉबर, वहिफणीवाला, घडीवाला यांची अवघी साखळी त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने अदृश्य राहते. मजुरी मीटरवर किंवा नगावर. आजारी पडला तर मजुरी नाही, वीज गेली तर मजुरी नाही. दुसरीकडे बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बाहेर पडणारी कुटुंबे पाहावीत. तेथे पतीपत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत राबायचे, हाच त्यांचा करार. नियुक्तीपत्र, हजेरीपत्रक, प्रसूतिरजा हे शब्द त्या पालांपर्यंत पोहोचलेले नाहीत. कारखाना म्हणतो, हे मुकादमाचे मजूर. मुकादम म्हणतो, मी केवळ मध्यस्थ. शंभर की तीनशे, या वादाचा या माणसांशी काय संबंध?

रोजगाराची आकडेवारीही नीट वाचली पाहिजे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार बेरोजगारीचा दर २०१७-१८ मधील ६ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. श्रमबलातील महिलांचा सहभाग याच काळात २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेला. ही निश्चितच समाधानाची बाब आहे. परंतु याच सर्वेक्षणात शेतीवर अवलंबून असलेल्या श्रमिकांचे प्रमाण ४४.१ टक्क्यांवरून ४६.१ टक्क्यांवर गेल्याचे दिसते आणि काम करणाऱ्या महिलांपैकी सुमारे दोन तृतीयांश महिला स्वयंरोजगारात, म्हणजे बव्हंशी घरच्या शेतीत वा घरगुती व्यवसायात आहेत. कारखानदारीचा वाटा ११ टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो आहे. आपल्या विचारांचे सरकार आहे म्हणून या आकड्यांकडे डोळेझाक करणे हे ना सरकारच्या हिताचे, ना राष्ट्राच्या. हातांना काम आहे. पण त्या कामाला भविष्य आहे का, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्राची विस्मृत वाट

पदाऐवजी श्रमिकाला सुरक्षा देता येते का? येते. आणि तसा प्रयोग कोठे परदेशात शोधण्याचे कारण नाही. तो महाराष्ट्रात, मुंबईच्या बाजारपेठांत आणि गोदींच्या परिसरात झाला.

डोक्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. त्याला कायमचा मालक नाही. सकाळी एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर पोती उतरवायची, दुपारी दुसऱ्याच्या वखारीत थप्पी लावायची. कोणाही एका व्यापाऱ्याला त्याचा मालक ठरविता येत नव्हते, म्हणून तो कोणत्याच कायद्यात बसत नव्हता. अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या, अर्धपोटी माणसांना संघटित केले आणि त्यातून १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांविषयीचा कायदा झाला. या कायद्याची युक्ती साधी आणि तितकीच दूरदर्शी होती. शासन, मालक आणि कामगार यांचे त्रिपक्षीय मंडळ स्थापन करायचे. मालकाचीही नोंद, कामगाराचीही नोंद. ज्याने काम करून घेतले त्याने मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. मंडळ मजुरी वाटणार आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा, औषधोपचार यांची तजवीज करणार. दिवसाला मालक तीन बदलले तरी निधीचे खाते एकच. १९८१ मध्ये हीच रचना महाराष्ट्राने खासगी सुरक्षा रक्षकांसाठी वापरली.

या व्यवस्थेला पुढे कीड लागली, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. माथाडीचे नाव पुढे करून, काम न करता कारखानदारांकडून पैसे उकळणाऱ्या टोळ्या औद्योगिक वसाहतींत फोफावल्या. त्यांनी उद्योजकांना जेरीस आणले आणि खऱ्या माथाडीच्या घामाची बदनामी केली. अशा खंडणीखोरांचा बंदोबस्त पोलिसांनी केलाच पाहिजे. परंतु रोग झाला म्हणून अवयव कापून टाकण्याचे कारण नाही. ज्याला एक मालक नाही अशा श्रमिकाला सामाजिक सुरक्षा कशी द्यावी, याचे उत्तर महाराष्ट्राने पन्नास वर्षांहून अधिक काळापूर्वी दिले, हे सत्य त्यामुळे झाकोळत नाही.

रोजगार हमीची गोष्टही अशीच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर परिसरात ज्या कल्पनेचा प्रयोग केला, ती १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी लोकांचा आधार झाली. राज्याचा कायदा १९७७ चा. तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील नोकरदाराने व्यवसाय कर भरायचा आणि त्यातून खेड्यातल्या हाताला काम द्यायचे, ही त्यामागची सामाजिक बांधिलकी होती. केंद्राने २००५ मध्ये याच धर्तीवर देशव्यापी कायदा केला आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांच्या कामाची हमी देणारा नवा कायदा संमत केला. ही कल्पना आज देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचली आहे. तिचा उगम मात्र महाराष्ट्रालाच फारसा आठवत नाही.

संहितांनी काय दिले, काय राखून ठेवले

या पार्श्वभूमीवर संहितांकडे पाहिले तर त्यांतील काही तरतुदी खरोखर मूलगामी आहेत. १९४८ चा किमान वेतन कायदा केवळ अनुसूचीत नोंदविलेल्या उद्योगांना लागू होता. वेतन संहितेने किमान वेतनाचा अधिकार सर्व कामगारांना दिला आणि केंद्राने ठरविलेल्या तळवेतनाखाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही, असे बंधन घातले. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र बंधनकारक झाले. एकूण मोबदल्यातील भत्त्यांचा भाग निम्म्यापेक्षा अधिक असेल तर तो अधिकचा भाग वेतनातच धरावा, ही तरतूद भत्त्यांच्या आडून निधीची चोरी करणाऱ्यांना चाप लावील. ठरावीक मुदतीच्या कामगारास एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान मिळेल. पूर्वी त्यासाठी पाच वर्षे लागत. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत जमा करायचे आहे. गिरणगावाला जे मिळाले नाही त्याचा हा पहिला अंकुर आहे.

सर्वांत लक्षणीय म्हणजे दुचाकीवरून घरोघरी सामान पोहोचविणारा, मोबाईलवरील मागणीनुसार गाडी चालविणारा तरुण कायद्यात प्रथमच दिसू लागला. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये असे ७७ लाख श्रमिक होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. या सेवा चालविणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, परंतु श्रमिकांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षा निधीत भर घालायची आहे. नीट पाहिले तर ही माथाडी मंडळाच्या लेव्हीचीच नवी आवृत्ती आहे. काल पोते वाहणाऱ्यासाठी जे केले ते आज पार्सल वाहणाऱ्यासाठी करायचे आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत ३० कोटींहून अधिक असंघटित श्रमिकांची नावे आली आहेत. नोंद झाली, आता त्या नोंदीला लाभ जोडले गेले पाहिजेत.

तथापि सारेच आलबेल नाही. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी वीस कामगारांपासून लागू होत, आता पन्नासपासून होतील. कारखान्याची व्याख्या विजेसह दहा कामगारांवरून वीसवर आणि विजेविना वीसवरून चाळीसवर गेली. स्थायी आदेशांची सक्ती शंभराऐवजी तीनशे कामगारांपासून होईल. कपातीच्या अनुमतीबद्दल वर जे म्हटले ते या बाबींना लागू पडत नाही. सुरक्षिततेचा आणि शिस्तीच्या लेखी नियमांचा प्रश्न वेगळा आहे. पंधरा कामगारांच्या कारखान्यातील दाबयंत्र कामगारांची संख्या मोजून बोटे कापीत नाही. भारतीय मजदूर संघाने वेतन आणि सामाजिक सुरक्षा संहितांचे स्वागत करताना उर्वरित दोन संहितांतील तरतुदींवर आक्षेप नोंदविले आहेत. सरकारने ते विरोधकांच्या घोषणाबाजीच्या पंक्तीत बसवू नयेत. श्रमिकांत राहून काम करणाऱ्यांचा तो अनुभव आहे.

रोजगार कोण निर्माण करतो?

आता अर्थपंडितांच्या आनंदाकडे वळू. कपात सोपी झाली म्हणून कारखाने उभे राहतात, हे अर्धसत्यही नाही. राजस्थानने २०१४ मध्येच ही मर्यादा तीनशेवर नेली होती. म्हणून काही तेथे कारखान्यांची जत्रा भरली नाही. कारखाना उभा राहतो तो अखंड वीज, वाजवी दराचे कर्ज, जमिनीचे स्वच्छ उतारे, वेळेवर मिळणारे बिलांचे पैसे आणि कुशल हात यांवर. लहान उद्योजकाला विचारा; कामगार कायद्यापेक्षा मोठ्या कंपनीकडे थकलेली त्याची रक्कम त्याला अधिक छळते.

ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेली प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना या दृष्टीने उल्लेखनीय आहे. ९९,४४६ कोटी रुपयांच्या या योजनेतून दोन वर्षांत साडेतीन कोटींहून अधिक रोजगारांना प्रोत्साहन देण्याचे उद्दिष्ट आहे. प्रथमच नोकरीस लागणाऱ्यास १५ हजार रुपयांपर्यंत दोन हप्त्यांत आणि अतिरिक्त कामगार नेमणाऱ्या मालकास दरमहा ३ हजार रुपयांपर्यंत दोन वर्षे साहाय्य मिळेल. कारखानदारी क्षेत्रात ते चार वर्षे मिळेल. नवा हात कामाला लावणाऱ्याला शासनाने पाठबळ द्यावे, ही दिशा योग्यच आहे. परंतु या योजनेचे प्रवेशद्वार भविष्य निर्वाह निधीची नोंदणी हे आहे. सहा कामगारांचा लेथवाला किंवा आठ मागांचा मागवाला या दारातून आत येईल अशी सोपी व्यवस्था झाली नाही, तर हा पैसा ज्यांनी तसेही कामगार नेमलेच असते अशा मोठ्यांच्या खिशात जाईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी विश्वकर्मा जयंतीला सुरू झालेली प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांपर्यंत प्रशिक्षण, अवजारे आणि ५ टक्के दराने कर्ज नेते. स्वदेशीचा विचार केवळ परदेशी मालावर बहिष्कार घालून पूर्ण होत नाही. आपल्या कारागिराच्या हाताला बाजारपेठ मिळवून देणे हा त्याचा अधिक कठीण भाग आहे.

तिसरी भूमिका

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी, लोकमान्य टिळकांच्या जयंतीदिनी, भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. हा दिवस अर्थपूर्ण होता. १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईचा गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेला होता. पगारासाठी नव्हे, राष्ट्रासाठी. राष्ट्राचे औद्योगिकीकरण, उद्योगांचे श्रमिकीकरण आणि श्रमिकांचे राष्ट्रीयकरण ही त्रिसूत्री त्याच जाणिवेतून आली. श्रमिक हा वर्गयुद्धातला सैनिक नाही आणि उत्पादनखर्चातील एक रकानाही नाही. तो राष्ट्रपुरुषाचा अवयव आहे. आणि ही भूमिका सरकारचा रंग पाहून बदलत नाही. २००१ च्या अर्थसंकल्पात कपातीच्या अनुमतीची मर्यादा एकदम हजारावर नेण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा केंद्रात वाजपेयींचे सरकार असूनही भारतीय मजदूर संघाने त्याला विरोध केला आणि ठेंगडींनी सरकारच्या आर्थिक धोरणावर परखड टीका केली. तो प्रस्ताव प्रत्यक्षात आला नाही. वैचारिक निष्ठा म्हणतात ती हीच.

याच निष्ठेने आज काही मागण्या आग्रहाने मांडल्या पाहिजेत. पहिली, श्रम हा समवर्ती सूचीतील विषय आहे. राज्यांचे नियम जसे असतील तशा संहिता ठरतील. महाराष्ट्राने आपल्या माथाडी आणि सुरक्षा रक्षक मंडळांचा अनुभव या नियमांत उतरवावा. दुसरी, ऊसतोड कामगार, यंत्रमाग कामगार, घरेलू कामगार यांच्यासाठी काम करून घेणाऱ्याकडून थेट वसुली करणारी त्रिपक्षीय मंडळे हवीत. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले आहे. त्याचे काम फडापर्यंत पोहोचले पाहिजे. तिसरी, पुनर्कौशल्य निधी केवळ बँकेतील हस्तांतरण न राहता औद्योगिक प्रशिक्षण संस्थांशी जोडला जावा; पंचेचाळिशीत पद गमावलेल्या माणसाला पंधरा दिवसांच्या वेतनाने नवे आयुष्य उभारता येत नाही. चौथी, धोकादायक यंत्रांच्या सुरक्षेसाठी कामगारसंख्येची अट नसावी.

आणि एक गोष्ट सरकारकडे न मागता आपण स्वतः करण्याची आहे. कायदा मोठ्या कारखान्यात निरीक्षक पाठवील. परंतु दुकानातला गुमास्ता, गृहसंकुलाचा रखवालदार, घरची मोलकरीण, संस्थेच्या कार्यालयातील शिपाई यांचे मालक आपणच आहोत. आपल्या समाजाचे, आपल्या विचारांचे असंख्य उद्योजक, शिक्षणसंस्था, सहकारी बँका आणि न्यास आज महाराष्ट्रात आहेत. त्यांच्यातील प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र आहे का? त्याचा निधी भरला जातो का? किमान वेतन मिळते का? एकात्म मानवदर्शनावरील व्याख्यानाला सभागृह भरते ही आनंदाची गोष्ट आहे. त्या सभागृहाच्या खुर्च्या मांडणाऱ्याला त्या दिवसाची पुरती मजुरी मिळाली का, हेही पाहिले पाहिजे.

चार संहितांनी जुनी चौकट मोडली आहे. नवी चौकट कशी उभी राहते, हे येत्या काही वर्षांत नियम, मंडळे आणि निधी यांच्या कारभारातून ठरेल. कारखाना बंद पडो वा मालक बदलो, कंत्राट संपो वा मोबाईलवरील काम थांबो, श्रमिकाचे औषधपाणी, म्हातारपणाची तरतूद आणि पुन्हा उभे राहण्याची संधी त्याच्यासोबत राहिली, तर ही सुधारणा इतिहासात टिकेल. तसे झाले नाही, तर एकोणतीस कायद्यांऐवजी चार कायद्यांच्या कक्षेबाहेर असलेले कोट्यवधी श्रमबांधव एवढाच काय तो फरक उरेल. तो धोका टाळणे हे सरकारचे जितके काम आहे, तितकेच ते राष्ट्रहिताची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाचे आहे.